हारांच्या मागणीवरून लिहिलेली बातमी

मी अक्षरे शिकलो ती पत्रकांवरून. अकोल्याला काकांच्या खोलीत चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असत आणि अंकलिपीच्या आधी माझ्या हाती तेच लागले. त्यामुळे बाविसाव्या वर्षी अमरावतीच्या एका साप्ताहिकात रुजू झालो तेव्हा माझे मत पक्के होते: प्रत्येक वाक्याने कोणाला तरी जाब विचारला पाहिजे, नाहीतर ते वाक्य म्हणजे शाईची नासाडी. हे मी पहिल्याच दिवशी संपादकांना ऐकवले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि गावोगावच्या बातमीदारांना लिहायला शिकवण्याचे काम माझ्या गळ्यात घातले.

दर रविवारी छापखान्यात आमचा वर्ग भरे. खुर्च्या नव्हत्या, कागदाच्या रिमांवर बसायचे. बडनेऱ्याचे रेल्वेतले एक कारकून येत, एक शाळामास्तर येत आणि भातकुलीकडचे एक फुलबागाईतदार येत. त्यांना मी दादा म्हणे, ते मला भाऊ म्हणत. तिघांच्याही बातम्या ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ अशा सुरू होत. मास्तरांनी एकदा वीज पडून दोन बैल मेल्याचेही अत्यंत आनंदाने कळवले होते. या आनंदाविरुद्ध मी युद्ध पुकारले. ‘आनंद’ काढा, ‘निषेध’ घाला, असे मी शिकवू लागलो. महिन्याभरात मास्तरांनी पावसाचा निषेध केला.

दादांची अडचण वेगळी होती. झेंडू-शेवंतीचा मळा असल्यामुळे आसपासच्या प्रत्येक समारंभाचे हार त्यांच्याकडून जात. समारंभ बहुतेक गुरुवारी दुपारी, भातकुलीहून टपाल निघे गुरुवारी सकाळी आणि आमचा अंक शनिवारी. म्हणून हारांची मागणी आली की दादा बुधवारीच बातमी लिहून टाकत. पाच हार म्हणजे घरगुती सत्कार. पंचवीस म्हणजे सभा, तीही टाळ्यांच्या कडकडाटात. गुलाबाचा एक निराळा हार सांगितला असेल तर अध्यक्ष बाहेरगावचे आणि भाषण मननीय.

हे मला कळले तेव्हा मी संतापलो. दादांना मात्र त्यात काही चूक दिसेना.

“भाऊ, हार गेले म्हनजे समारंभ झालाच समजा. हार घालून घ्याले आजपर्यंत कोनी नाही म्हनलं नाही.”

पण एका रविवारी संपादकांनी आम्हा दोघांना आत बोलावले. भातकुलीपलीकडच्या एका गावातून पत्र आले होते. तिथे एका दानशूर गृहस्थांनी विहीर बांधून दिली होती. उद्घाटनाला पंचवीस हार आणि एक गुलाबाचा गेला होता, आणि आमच्या अंकात पाणी ‘अमृततुल्य’ असल्याचे छापून आले होते. पत्रात एवढेच लिहिले होते की तुमच्या बातमीदाराला हे अमृत एकदा पाजा.

संपादक दादांना म्हणाले, “गावात जा, बघा, विचारा आणि लिहा. ती बातमी मला पुन्हा लिहून घ्यावी लागली तर तुमची नेमणूक रद्द. मला वाईट वाटेल, पण रद्द.”

बाहेर आल्यावर दादा पायरीवर बसले. मग म्हणाले, “आमच्या घरात लिहिनारा मी पयला. माह्या बापाले अंगठाच ठाऊक. बाजारात लोक मले थांबवून इचारतात, पेपरात काय आलं म्हनून. हे गेलं त मी निस्ता हारवाला.”

मी त्यांच्याबरोबर जायचे ठरवले. मुलाखत कशी घ्यायची ते प्रत्यक्ष दाखवावे, असा माझा डौल होता.

गावात आमची बैलांची दमणी शिरली तशी पारावरची मंडळी हसू लागली. “अमृतवाले आले रे,” एक म्हातारा म्हणाला, “गिलास धुऊन ठेवा.” दादांनी मान खाली घातली. विहिरीजवळ एक म्हातारी मावशी ओट्यावर वड्या वाळत घालत होती. मी वही काढली आणि मुद्द्यालाच हात घातला.

“या विहिरीमुळे आपल्या गावावर अन्याय झाला असे आपल्याला वाटते का?”

“वाटते बा.”

“या अन्यायाचा आपण निषेध कराल का?”

“करू न. तुमी म्हनसान तसं.”

“दात्याची ही कृती म्हणजे गरिबांची थट्टा आहे, असे म्हणता येईल?”

“म्हना,” मावशी म्हणाली आणि वड्यांकडे वळली.

वहीचे पान भरले होते आणि त्यात मावशीचा एकही शब्द नव्हता. सगळे माझेच होते, काकांच्या खोलीतले. हे मला त्या क्षणी समजले असे लिहिले तर खोटे होईल. मी खुशीत होतो.

तेवढ्यात दादा ओट्याच्या कडेला बसले. वही नाही, पेन्सिल नाही.

“मावशी, तुमचं माहेर कोनतं?”

मी घड्याळ पाहिले. या माहेर-सासरच्या चौकशीवर मी वर्गात एक अख्खा रविवार तोफ डागली होती. पण मावशीचे माहेर निघाले दादांच्या सासुरवाडीच्याच गावचे. मग कोणाची कोण, कोण कोणाकडे दिली, कोणत्या लग्नात वरण पातळ झाले, हे सगळे निघाले. आणि मग मावशीने अचानक हात थांबवला.

“म्हनजे आमचा जावईच झाला तू. मंग ते अमृत तूनंच लिवलं होतं काय?”

“मीच लिवलं, मावशी.”

“पिऊन?”

“नाही. हार देऊन निंघून गेलो होतो. बातमी त आदीच धाडली होती.”

मावशी उठली, पोहऱ्याने पाणी काढले आणि तांब्या त्यांच्यापुढे धरला. “घे जावयबापू. पाहुनचार.”

दादांनी घोट घेतला. त्यांचा चेहरा असा झाला की मावशी पदर तोंडाला लावून हसली आणि पारावरून चार माणसे उठून जवळ आली. पाणी खारे होते. त्या बाजूला जमिनीतच खार आहे. विहीर कितीही मनापासून बांधा, पाणी जमिनीचेच येणार. दादांनी तांब्या खाली ठेवला आणि एवढेच विचारले, “मंग करता काय याचं?” आणि गप्प बसले. मी दोनदा तोंड उघडले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“करतो काय,” मावशी म्हणाली. “धुनं धुतलं त साबनाले फेस नाही. तुरीची दाय सकाळी चुलीवर ठेवली त संध्याकाळलोक दानान् दाना येगळा. जावई आला होता माहा, त्यानं चावून चावून जेवन केलं अन् दुसऱ्या दिवशी गावाले निंघून गेला. आता दायीपुरतं पानी नदीच्या रेतीत खनलेल्या झिऱ्यावरून आनतो. इहिरीचा ओटा मातर चांगला बांधला हो दान देनाऱ्यानं. वड्या मस्त वाळतात.”

पारावरच्या म्हाताऱ्याने भर घातली, “बैलं पेतात. पन तेयी आदी आमच्याकडं पाह्यतात.”

सगळेच हसले. मग दादांनी विचारले, “हे छापू काय, मावशी?”

“छाप. माहं नाव नोको टाकू. दायीचं टाक.”

दुसऱ्या दिवशी छापखान्यात दादा लिहायला बसले आणि पहिली ओळ उमटली ती ‘कळविण्यास अत्यंत’. त्यांनी स्वतःच कागद फाडला. दुसरा घेतला. तिसऱ्यावर मी विचारले, “दादा, घरी गेल्यावर वहिनींना काल काय सांगितलं?”

“दाय शिजत नाही म्हनून सांगतलं.”

“मग?”

त्यांनी माझ्याकडे बघितले, मी चेष्टा तर करत नाही ना अशा नजरेने. मग लिहिले: ‘नव्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही.’ पुढे साबण, जावई, बैल आणि वड्या. शेवटी त्यांनी कोणी न सांगता एक वाक्य घातले: ‘मागील बातमी आम्ही पाणी न पिता लिहिली होती.’ ते वाक्य मला लिहिता आले नसते. मी आयुष्यभर दुसऱ्यांना जाब विचारला होता.

माझाही मजकूर तयार होता: दीड स्तंभ, दानाच्या ढोंगावर. संपादकांनी दोन्ही कागद समोर घेतले. दादांच्या बातमीवर लाल पेन्सिल वरपासून खालपर्यंत फिरली ती कागदाला न टेकता. बैलांपाशी त्यांचे पोट हलले. बातमी त्यांनी होती तशी खिळे जुळवणाऱ्याकडे पाठवली आणि दादांना विचारले, “पुढची कधी देता?”

दादांनी धोतराच्या सोग्याने कपाळ पुसले.

माझा दीड स्तंभ संपादकांनी परत केला. “यात पाण्याची चव कुठे आहे? तू प्यायलास का?”

मी प्यायलो नव्हतो.

“शेंदूरजनाघाटला संत्र्यांचा बाजार सुरू झालाय,” ते म्हणाले. “दोघे जा. प्रश्न हे विचारतील. तू वही धर.”

मी वही धरली. तिथल्या पहिल्या बागवानाचे आजोळ कोणते हे विचारण्यात दादांनी सबंध सकाळ घालवली आणि मी एकदाही घड्याळ पाहिले नाही.