गाडीचं डिटेलिंग आणि गुरुवारचा धूप

शनिवारी सकाळी डिटेलिंगवाले गृहस्थ गाडी बघायला आले, आणि मी वर्षभर झाकून ठेवलेलं सगळं दहा मिनिटांत उघड्यावर आलं...

आमची गाडी नऊ वर्षांची. आजवर तिला बादलीभर पाणी आणि जुन्या धोतराचं फडकं, याशिवाय काही माहीत नाही. डिटेलिंग म्हणजे आतून-बाहेरून, अगदी सीटखालच्या कोपऱ्यापर्यंत गाडी स्वच्छ करून देतात, हे मला भाचीने सांगितलं. दर ऐकून मी फोनच ठेवून दिला होता. दोन दिवस विचार केला, देवापुढे बसले आणि परत लावला.

एवढा खर्च का, ते सांगते. मागच्या वर्षी खडकवासल्याहून परत येताना, गाडी चालवतानाच आमच्या यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात स्टिअरिंगवरून घसरला, तरी यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. मी शेजारीच होते, देवाने वाचवलं. पण अॅम्ब्युलन्स येईपर्यंत सीटवरच सगळं झालं... शरीर आहे, त्यात यांचा काय दोष. हे लिहू का, असं यांना विचारूनच लिहितेय. "लिही की. नाहीतरी शनिवारी माझं ओरडणं सोसायटीला ऐकू गेलंच आहे," म्हणाले.

तेव्हापासून हे त्या गाडीत बसलेले नाहीत. व्यायामासाठी हडपसरला रिक्षाने जायचो. रिक्षात चढताना डावा पाय वर येत नाही, दोघांनी उचलून आत बसवावं लागतं, आणि नारायण पेठेतला रस्ता म्हणजे बघणारे दहाजण. तीन आठवड्यांपूर्वी यांनी जाणंच बंद केलं. डॉक्टर म्हणाले, हे महिने वाया गेले तर हातपाय आहेत तसेच राहतील. भाची गाडी चालवायला एका पायावर तयार आहे. हेच बसायला तयार नाहीत.

मला वाटायचं, स्वतः चालवता येत नाही म्हणून मन नको म्हणत असेल. आणि मला एकटीला माहीत होतं की गाडीत अजून वास आहे. मी सीट फिनेलने घासली, मग ओली गाडी तशीच काचा लावून ठेवली, त्याने कुबटपणा आणखी वाढला. शेवटी दर गुरुवारी दिवेलागणीला देवापुढचं धुपाटणं खाली न्यायचं आणि बंद गाडीत ठेवायचं, असं सुरू केलं. धुपाने घर शुद्ध होतं, तर गाडी का नाही होणार... वर्षभरात एक गुरुवार चुकवला नाही. यांना मात्र अवाक्षर बोलले नाही. आपल्यामुळे गाडीला वास येतो, हे कशाला कळायला हवं त्यांना?

तर शनिवारी त्या गृहस्थांनी दार उघडलं, आत डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं. वर बोट दाखवून म्हणाले, "ताई, हे छताचं कापड बघा. काळं आणि चिकट झालंय. गाडीत काय चूल मांडली होती का?"

मी हळूच सांगायला लागले, तेवढ्यात वर गॅलरीत खुर्चीवर बसलेल्या यांचा आवाज आला. झटक्यापासून शब्द जरा ओढून येतात, पण धार तीच आहे. "विचारा, विचारा! दर गुरुवारी गाडीची शांत करते ती. आत कुणीतरी गेल्यासारखी!"

म्हणजे वर्षभर हे गॅलरीतून बघत होते. मी धूप घेऊन खाली जायचे, आणि यांना वाटायचं, मी गाडीला अपशकुनी मानते. यांनाही.

ते गृहस्थ भले. खाली मान घालून म्हणाले, सीट सोडवून आतला फोम काढावा लागेल, छताचं कापड बदलावं लागेल, तरी वास पूर्ण जाईल याची खात्री देत नाही. मी काहीतरी हो-नाही म्हटलं आणि वर आले.

यांच्यासमोर उभी राहून पहिल्यांदा सगळं सांगितलं. वास, फिनेल, कुबटपणा. "अहो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं हो..."  हे रस्त्याकडे बघतच म्हणाले, "अगं, मला काय वास माहीत नाही? मीच होतो ना तिथे." बस्, एवढंच. दुपारी जेवले नाहीत. मीही पान तसंच झाकून ठेवलं. आपल्या हाताने आपण काय करून बसलो, हाच विचार. त्यांची लाज झाकायला गेले आणि वर्षभर त्यांनाच धुपवत राहिले.

संध्याकाळी मी गाडी विकून टाकायचंच मनात धरलं होतं. चहा ठेवला तेव्हा हे म्हणाले, "त्या माणसाला फोन कर. डावीकडची पुढची सीट पूर्ण मागे सरकते का, ते बघायला सांग. पाय आत घ्यायला जागा लागेल."

बुधवारी गाडी न्यायची आहे. वास जाईलच असं नाही. हे बसतीलच असंही नाही, आणि बसले तरी हात-पाय किती सुधारतील ते एक देवच जाणे. माझं मन अजून थाऱ्यावर नाही...

तरी त्या रात्री देवापुढे डोकं टेकलं. जे घरातल्या माणसाशी बोलायचं, ते वर्षभर मी तुझ्याशीच बोलत राहिले, असं त्यालाही सांगून टाकलं.