परीक्षेच्या आदल्या दिवशीचे पाहुणे

आमच्या मास्तरांना सापगावात सगळे 'पाहुणे मास्तर' म्हणत. सातवीच्या फायनलच्या आदल्या संध्याकाळी ते न बोलावता एखाद्या घरी जात आणि ओट्यावर बसून राहत. ज्या घरचं पोर परीक्षेला बसलंय आणि जिथं भांडण पेटलंय, असं घर ते हेरून ठेवत.

हुशार पोरं नापास का होतात, यावर गावात बरीच मतं होती. कुणी पेजेला दोष देई, कुणी परीक्षेसाठी शहापूरपर्यंत चालत जाण्याला. मास्तर म्हणत, "उपाशी पोर एकवेळ गणित सोडवील. घरातला आरडाओरडा ऐकून निघालेलं नाही सोडवणार."

माझ्या वर्षी ते आमच्याकडे आले. बाबा आणि काका यांची बांधावरून रोज जुंपायची. मी नापास झालो तर शाळा बंद, असं बाबांनी आधीच बजावलं होतं.

"उद्या संध्याकाळपर्यंत बांधाचं नाव काढायचं नाही," मास्तर म्हणाले.

काका उसळला, "बांध त्यानं कोरला नि गप मी बसू?"

"परवा भांडा. हवं तर मी मधे उभा राहतो."

मास्तर आमच्याच ओट्यावर झोपले. सकाळी घर इतकं शांत होतं की मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. ते मला शहापूरला घेऊन गेले. मी पास झालो.

मास्तरांचा मुलगा वसंता माझ्याच वर्गात, माझ्याहून हुशार. तो नापास झाला. मास्तरांची आई आणि बायको यांचं कधी पटलं नाही, आणि त्या सकाळी चुलीपाशीच दोघींचं वाजलं होतं. चावडीवर कुणीतरी विचारलं, "मास्तर, तुमचाच पोरगा कसा राहिला?"

"मी घरी नव्हतो," एवढंच ते म्हणाले. पास झाल्याचा आनंद मला नीट झालाच नाही.

पुढच्या वर्षी वसंता पुन्हा बसला. आदल्या संध्याकाळी मास्तर नेहमीसारखे दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी गेले. बाबा आणि काका तोवर एकमेकांशी बोलायचेही बंद झाले होते. तरी दोघे मास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसले, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मास्तरांची आई बाहेर आली. "काय रे, काय काम काढलंत?"

"काय नाय गो आये," काका म्हणाला, "उद्या पोराची परीक्षा हाय. बसलोय."