त्या दिवशी नागपूर शांत होतं

इंदुमतीबाई गेल्याचं मला पाच दिवसांनी कळलं. नरखेडहून त्यांचा भाचा मोटारसायकलवर आला, दारातच उभा राहिला आणि पंच्यात बांधलेली एक वही पुढे करून म्हणाला, "आत्याबाई गेल्या जी. गुरुवारी. हे तुमाले द्या म्हणून सांगून ठेवलं होतं." मी त्याला बसवलं, पाणी दिलं. "आणखी काही म्हणाल्या?" असं विचारताना माझा आवाज मलाच परका वाटला. "नाही जी. दिगंबरले द्या, बस, एवढंच." बागेत पाणी सुरू करायचं होतं म्हणून तो चहालाही थांबला नाही. पंचा सोडायच्या आधीच आत काय आहे ते मला कळलं होतं. बाईंच्या नोंदवह्या एकूण अकरा. त्यांतली एकच आली होती, तिसरी... याला आता दीड महिना झाला. वही टेबलावर ठेवली की जेवण जात नाही, कपाटात ठेवली की झोप येत नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

बाई आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. संत्र्याच्या बागेत वाढलेली, लग्न न केलेली, साठच्या दशकात एकटीनं खोली घेऊन राहणारी बाई, म्हणून लोक आधी त्यांच्याविषयी बोलत आणि मग त्यांच्या कामाविषयी. बोलत म्हणजे काय, हसत. सूर्यापासून तापलेले, सुटे झालेले विद्युत्कण सतत वाहत येतात, त्याला प्लाझ्मा म्हणतात, आणि पृथ्वीचं चुंबकत्व त्या लोंढ्याला अडवून आपल्याभोवती एक पोकळी राखतं, हे बाई वर्गात पाटाच्या पाण्यावरून सांगायच्या. "बागेच्या पाटात ढेकूळ टाका. पाणी समोरून ढेकळाले दाबते, बाजूनं निघून जाते अन् मागं लांब शेपूट सोडते. तसंच आपलं चुंबकावरण. फक्त हा पाट सूर्यानं सोडलेला आहे." मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं होतं, "मग मॅडम, पाट फुटला तं?" बाई खूश झाल्या. "फुटला तं वादळ, गा! जमिनीवरचं चुंबकसुद्धा हलते. तेच तं आपण पाहून राहिलो."

'आपण' म्हणजे बाई आणि मी. मी तेव्हा प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो, चोविशीचा. कॉलेजच्या मैदानाच्या टोकाला बाईंनी एक झोपडी उभारून घेतली होती. विटा, लाकूड, कौलं. लोखंडाचा एक खिळाही नाही, बिजागऱ्यासुद्धा पितळेच्या. आत रेशमाच्या धाग्याला टांगलेलं चुंबक, त्यावर आरशाचा कपचा, समोर पट्टी आणि दुर्बीण. चुंबक केसभर वळलं तरी पट्टीवरची खूण सरकायची. सकाळी दहापासून चारपर्यंत दर अर्ध्या तासानं ती वाचून पेन्सिलीनं वहीत लिहायची आणि पुढे सही करायची. दाराबाहेर भिंतीत एक कोनाडा होता. आत जाण्यापूर्वी त्यात किल्ल्या, घड्याळ, पट्टा, सगळं ठेवायचं. बाई केसांच्या पिना काढून ठेवत आणि मोकळ्या केसांना सुताचा दोरा बांधून आत जात. एकदा माझ्या नोंदी पाहून त्या म्हणाल्या, "दिगंबर, चप्पल दाखव." चपलेच्या तळाला खिळा निघाला. आदल्या दिवशीच मोच्याकडून ठोकून आणला होता! मी थक्क झालो आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

वहीचा एक नियम होता. नोंद चुकली तर रबर लावायचा नाही. एका रेघेनं खोडायची, शेजारी सही करायची, आणि ज्याची ओळ त्यानंच. बाई स्वतःसुद्धा माझ्या ओळीला हात लावत नसत.

त्या वर्षी होळीच्या दिवशी कॉलेज बंद होतं. बाई सणासाठी नरखेडला गेल्या होत्या आणि नोंदी माझ्यावर होत्या. त्याच दिवशी कन्हानला मुलगी पाहायला येण्याचा निरोप होता. वडील म्हणाले, आज नाही गेलं तर स्थळ जाईल. मी बाईंना आधी सांगू शकलो असतो, दुसऱ्या कोणाला बसवू शकलो असतो. पण मला वाटलं, तीन तासांत परत येईन... परतलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. झोपडी उघडली, आदल्या दिवशीचं पान समोर ठेवलं आणि तेरा ओळी लिहून काढल्या. जुन्याच नोंदी, एखादा अंक वर, एखादा खाली. प्रत्येक ओळीपुढे सही. हात थरथरला नाही, हेच आज सर्वांत जास्त आठवतं.

जुलैत, माझ्या लग्नाला दोन महिने झाल्यावर, इतर वेधशाळांचे तक्ते पोस्टानं आले. बाईंनी ते सगळे टेबलावर पसरले होते. होळीच्या दुपारी मोठं चुंबकी वादळ येऊन गेलं होतं. सगळीकडच्या रेषा विहिरीत पडल्यासारख्या खाली आल्या होत्या. "सारं जग हललं गा," बाई म्हणाल्या, "अन् आपलं नागपूर शांत! काहून?" मग मान वर करून, अगदी सहज, "तू होता ना तिथं?"

"होतो, बाई."

एवढंच. दोन शब्द.

बाईंचा प्रबंध त्याच नोंदींवर उभा होता. दुसऱ्या शहरातल्या त्यांच्या मार्गदर्शकांनी कळवलं, तुमचा निरीक्षक त्या दिवशी जागेवर नसावा, तेवढा दिवस काढून टाका, मी सही करतो. बाईंनी काढला नाही. त्यांचं उत्तर मी टाइप केलं आहे, माझ्या या हातांनी. "एका दिवशी तो खोटं लिहितो असं मानलं, तर उरलेल्या दिवसांवर मी कशाच्या बळावर उभी राहू? माझ्या माणसाची ओळ मी खोडणार नाही." प्रबंध परत आला. पुढे त्यांच्या मागून आलेले लोक डॉक्टर झाले, विभागप्रमुख झाले, आणि बाई त्यांच्या हाताखाली पहिल्या वर्षाचे तास घेत राहिल्या. पत्र आलं त्या संध्याकाळी मी सगळं सांगायचं ठरवून त्यांच्या खोलीवर गेलो होतो. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्याच मला समजावू लागल्या. "तू काहून तोंड पाडून राहिला? तुयावर थोडीच काही आहे." नरखेडची संत्री सोलून दिली. मी ती खाल्ली आणि घरी आलो.

मग सुरू झालं नागपूर का शांत राहिलं याचं शोधणं. चार-पाच वर्षं त्यांनी डोकं खपवलं. शेवटी त्यांना वाटलं, कन्हानकडच्या मँगनीजच्या खाणींचा काही संबंध असेल. होकायंत्र घेऊन आम्ही एसटीनं तिकडे गेलो. दिवसभर उन्हात हिंडलो आणि गाव आलंच आहे म्हणून माझ्या सासुरवाडीला चहाला थांबलो. सासूबाईंना पाहुणे आले की बोलायला निमित्तच मिळायचं. "हे आमचे जवाई शालूले पाहाले आले नं बाई, तं पोहे खाता खाता सारखे घड्याळ पाहून राहिले होते! मी म्हटलं, पोरगी पसंत नाही वाटते. होळीचा सण, घरात पुरणाचा घाट, अन् हे आपले जाऊ का, जाऊ का!" सगळे हसले, बाईही हसल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला. "होळीच्या दिवशी?"

"हो जी. होळीच्याच दिवशी."

 परतताना होकायंत्र बाईंच्या मांडीवर होतं. एसटीच्या लोखंडानं सुई भिरभिरत होती आणि बाई तिच्याकडेच पाहत होत्या. कामठी मागे पडल्यावर म्हणाल्या, "इथलं मोजणं पुरे झालं, दिगंबर. आता मी गुरूचं काम घेते." मला सुटल्यासारखं वाटलं. हो, सुटल्यासारखंच.

पुढची सगळी वर्षं त्यांनी गुरू ग्रहाच्या चुंबकावरणावर गणितं केली. यानांनी पाठवलेली, परक्यांनी मोजून छापलेली माहिती नियतकालिकांतून उतरवून घ्यायच्या आणि ताव भरायच्या. त्यांचे दोन-तीन निबंध बाहेरही छापून आले. पृथ्वीवरून उठून त्या एवढ्या लांब का गेल्या, याचं मी स्वतःला सोयीचं उत्तर देत आलो. संशोधकाचा कल बदलतो, वगैरे. खरं उत्तर मला त्या एसटीतच कळलं होतं. चपलेतला खिळा ओळखणारी बाई होती ती. तिथून निवृत्तीपर्यंत माझ्याशी त्या एका शब्दानंही वेगळ्या वागल्या नाहीत. माझ्या मुलीच्या बारशाला आल्या, नाव सुचवलं. ओरडल्या असत्या तर... पण हेही मी त्यांच्याकडूनच मागतो आहे. ओरडण्याचं कामसुद्धा त्यांनीच करावं!

काल वही घेऊन कॉलेजात गेलो. झोपडीत आता सायकली ठेवतात. दाराला लोखंडी कडी आहे. ती उघडण्यापूर्वी मी खिशातून किल्ल्या काढून कोनाड्यात ठेवल्या, घड्याळ ठेवलं, पट्टा सोडून ठेवला. शिपाई बघत होता. "साहेब, आत तं सायकलीच आहेत," तो म्हणाला. कोनाड्याच्या मागच्या कोपऱ्यात, धुळीत, गंजून एकमेकींना चिकटलेल्या दोन पिना होत्या.

आत उजेड कमी होता. एका सायकलच्या सीटवर वही टेकवून होळीचं पान उघडलं. समासात बाईंच्या बारीक अक्षरातले प्रश्न होते, वेगवेगळ्या वर्षांचे. 'तापमान?' 'धाग्याचा पीळ?' शेवटचा 'मँगनीज?' आणि तो एका रेघेनं खोडलेला, शेजारी त्यांची सही. ती त्यांची ओळ होती, त्यांनी खोडली. खाली माझ्या तेरा ओळी जशाच्या तशा, अस्पर्श. रद्द म्हणूनही कुठे लिहिलेलं नव्हतं.

मी पेन्सिल काढली. दहा वाजताची ओळ खोडली, सही केली. साडेदहाची खोडली, सही केली. अकराची... या वेळी एकीसारखी दुसरी सही येईना. चारची झाल्यावर खाली लिहिलं, 'या दिवशी निरीक्षक कन्हानला होता.'

बाहेर येऊन कोनाड्यातलं माझं सामान उचललं. पिना तिथेच राहू दिल्या.