शुवाईची आई

मुफाकोसेच्या वस्तीत पहिलं मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव अडगळीत जातं. सेसेद्झाईलाही तिच्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. नळावर, चर्चमध्ये, कोबीच्या ढिगाशी घासाघीस करताना ती सगळ्यांची माई शुवाई, म्हणजे शुवाईची आई होती.

थंडीच्या दिवसांत शुवाई गेली. आजार दोन पावसाळे पुरला; पोरगी नाही पुरली. त्यानंतर सेसेद्झाई चुलीशी बसे आणि मक्याच्या पिठाचा साद्झा करपला तरी तिला वास येत नसे. दवाखान्याबाहेरच्या बाकावर लोकांची दुःखं ऐकायला बसणाऱ्या आजीने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे कुफुंगिसिसा आहे, विचार माणसाला आतून खातात. मग आजीने तिला गुरुवारच्या बायकांत नेऊन बसवलं.

तिथे आंब्याखाली चटया असत. प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणता विणता बायका बोलत. एकीने सांगितलं, जड सकाळी मी फक्त दार उघडते. शेजारणीची कटकट आत आली की अंग आपोआप उठतं. दुसरी म्हणे, विचार आला की मी त्याला घेऊन नळावर जाते, रांगेत तोही कंटाळतो. सेसेद्झाई हसली होती. दार उघडायचं तिने उचललं, आणि हळूहळू साद्झा करपेनासा झाला.

एका गुरुवारी कोणीतरी म्हणालं, “माई तफारा, ती निळ्या पट्टीची गुंडाळी दे गं इकडे.”

तफारा तिचा धाकटा. तरी तिने मागे वळून पाहिलं, कोणी नवी बाई आली की काय म्हणून. बायकांनी आपापसात ठरवलं होतं, दर हाकेला जखमेवरची खपली कशाला काढायची. तिने निळी गुंडाळी दिली. आठवड्याभरात नळावरही तेच नाव झालं, आणि ती गुरुवारी जायची थांबली. दार पुन्हा बंद राहू लागलं. साद्झा घोटताना ती तोंडातल्या तोंडात ‘माई शुवाई’ म्हणे, पण आपल्याच आवाजातलं नाव हाक होत नाही.

त्या बायकांचा एक रिवाज होता. जी येत नाही, तिची अर्धी विणलेली पिशवी कोणीतरी घरी नेऊन द्यायची. त्यांच्यातली माई नेत्साई आली ती दार ढकलूनच.

“हिला आता दाढी फुटेल,” पिशवी पुढे टाकत ती म्हणाली. “पुरी करतेस, की अशीच नेऊ कोबी आणायला? खालून पडला तर तुझ्या नावावर.”

सेसेद्झाईने पिशवी मांडीवर घेतली. बराच वेळ ती सुटलेलं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“कुठल्या नावावर?” ती म्हणाली.

माई नेत्साईला कळायला थोडा वेळ लागला. मग ती हळू आवाजात म्हणाली की तुला दुखू नये म्हणून आम्ही ठरवलं.

“दुखतंच गं. पण तुम्ही हाक मारायचात तेव्हा तिचं नाव कोणाच्या तरी तोंडात असायचं. घरात तिचे बाबा घेत नाहीत. तफारा घेत नाही. तुम्हीही टाकलंत, तर ती राहणार कुठे?”

माई नेत्साई खाली बसली.

“मी तिला दवाखान्यात, ब्लँकेटातच पाहिली,” ती म्हणाली. “त्याआधी कशी होती?”

मग सेसेद्झाई सांगत बसली. पोरगी नाकातून हसायची. भांड्याच्या तळाची खरवड भावाला मिळू द्यायची नाही. शाळेतून येताना वळणावरूनच ओरडायची, आई, भूक. चहा निवला तरी दोघींना उठवेना.

निघताना माई नेत्साई फाटकाबाहेर थांबली आणि शेजारपाजारला ऐकू जाईल अशी ओरडली, “माई शुवाई, गुरुवारी ये गं. नाहीतर आम्ही सगळ्या इथे येऊन बसू, आणि चहा तुला करावा लागेल.”

“येते,” सेसेद्झाई म्हणाली.

शाळा नुकतीच सुटली होती. वळणावरून गणवेशातली पोरं येत होती, दोघं, चौघं, मग एक घोळकाच. सगळी पुढे निघून गेली. रस्ता रिकामा झाला तरी ती दारात उभी होती.