नागपूरच्या काकांचं ऊन

"ह्याला ऊन म्हणतात का, बापा?" असं म्हणून काका कपाळावर आडवा हात धरायचे आणि इंग्लंडातल्या लेस्टरच्या आभाळाकडे असे बघायचे, की बिचाऱ्या सूर्यानेच खाली मान घालावी.

तुमच्याही रोडवर असा एखादा नागपूरकर असेलच. हिवाळ्यात अवाक्षर काढणार नाही, पण उन्हाचा विषय निघाला की छाती फुगते. आमच्या शेजारचे हे काका बसच्या गॅरेजमधून रिटायर झालेले. "आमच्याकडे मे महिन्यात डांबर वितळतं," हे त्यांचं वाक्य पोस्टमनसकट सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

त्या वर्षी ऑगस्ट संपता संपता गरमी आली आणि हलेचना. इथली घरं थंडीसाठी बांधलेली, एकदा आत शिरलेली ऊब बाहेर पडायचं नाव घेत नाही. काकांच्या घरात साधा टेबलफॅनही नव्हता. "इंग्लंडात फॅन? नागपुरात कळलं तर लोक तोंडात शेण घालतील."

पण काकूंची फुप्फुसं दुबळी. वरच्या खोलीत त्या उशांना टेकून बसलेल्या असायच्या आणि एक वाक्य बोलायला मध्ये दोनदा थांबायच्या. आणि काका चादरी भिजवत होते. नागपुरात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून पाणी मारतात, तशा त्यांनी ओल्या चादरी टांगल्या होत्या. इथली हवा आधीच दमट. खोलीचं नुसतं न्हाणीघर झालं होतं.

"काका, हे इथे चालत नाही हो. काढा त्या. मी फॅन आणते, तुम्ही डॉक्टरांना फोन करा."

"केला, पोरी. जास्त झालं तर ॲम्ब्युलन्स बोलवा म्हणाले. तिला हॉस्पिटल नको. आणि फ्रंट येतोय ना!"

फ्रंट म्हणजे अटलांटिकवरून सरकत येणारा थंड हवेचा पट्टा. काका सारखा फोनवर नकाशा बघायचे आणि कुंपणावरून मला बातमी द्यायचे. "आयर्लंडला पोचला बघ." मग, "वेल्सच्या अलीकडे अडकला लेकाचा." गुरुवारचा शुक्रवार झाला, शुक्रवारचा शनिवार. दिवाळसणाला येणाऱ्या जावयाचीसुद्धा कोणी एवढी वाट बघितली नसेल. मी हसायचे आणि घरात येऊन स्वतःच तो नकाशा उघडायचे. काकूंना तोवर दम निघेल का, एवढाच प्रश्न होता.

मी आणलेला फॅन त्यांनी काकूंपुढे लावला आणि समोर बर्फाचं भांडं ठेवलं. बर्फ वितळला की भांडं घेऊन खाली, भरून पुन्हा वर. जिना चढताना आता ते कठडा धरायला लागले होते. चेहरा लालबुंद.

"तुम्ही पाणी प्यायलात का, काका? बसा बरं जरा."

"मला काय धाड भरलीय? मी नागपूरचा!"

बसायचे. वरून खोकला ऐकू आला की उठायचे. मी रागावले, तेव्हा म्हणाले, "एकदा तिला गार वारा लागू दे, मग चार दिवस झोपतो बघ."

शनिवारी दुपारी पश्चिमेला आभाळ काळं झालं. कचऱ्याच्या बिन्सची झाकणं आपटायला लागली, कोणाचं तरी दार धाडकन लागलं आणि एकदम असा गार वारा सुटला की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी तशीच अनवाणी बाहेर धावले.

काका दारातच खुर्ची टाकून बसले होते, तोंड पश्चिमेकडे. हात मांडीवर.

"काका, आला हो तुमचा फ्रंट!"

वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उडत होते. मी खांदा हलवला, हात धरला आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला. श्वास चालू आहे का, असं फोनवरची बाई पुन्हा पुन्हा विचारत होती आणि मला "नाही" म्हणवेना.

तेवढ्यात वरून काकूंचा आवाज आला. खणखणीत, मध्ये कुठेही न थांबता.

"अहो, वर येऊन जरा खिडकी लावता का? मला गार लागतंय."