घायपाताच्या बोर्डावरची गाठ

मंडळी, घाईत लिहितोय, अक्षर चुकलं तर सांभाळून घ्या.

आज संध्याकाळी माझी भाची रुखसाना डार्ट्सच्या, म्हणजे गोल बोर्डावर बाण फेकायच्या खेळाच्या, वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये पहिला सामना खेळली. हरली तर गाशा गुंडाळून फलटणला परत. आम्ही माझ्या दोरखंडाच्या दुकानात मोबाईलला डोळे लावून बसलो होतो.

पोर शिकली ती मी घायपाताच्या दोराचा बोर्ड बनवला, त्यावर. त्यात माझी एक चूक राहिली. बोर्डावर वीस गुणांच्या भागाच्या वरच्या टोकाला दुप्पट गुणांची पट्टी असते, आधीच जेमतेम बोटभर रुंद. तिच्या वरच्या काठावरच मी दोराची गाठ मारली. बाण गाठीवर आपटून खाली पडायचे.

आज शेवटी जिंकायला तिला नेमके चाळीस हवे होते, आणि शेवटचा बाण दुप्पट गुणांच्या पट्टीतच लागावा लागतो, म्हणजे वीसची तीच पट्टी. हातात तीन बाण. ते चुकले तर समोरची बाई जिंकल्यात जमा.

पहिला बाण पट्टीच्या वर गेला. दुसराही वरच.

शेजारचे सुभेदार म्हणाले, "मामू, तुमची गाठ तिकडं बी आडवी आली की!"

"आवं गप बसा, हितं जीव चाललाय माजा," बहीण ओरडली.

तिसऱ्याला मी डोळेच मिटले. गलका झाला तेव्हा उघडले. बाण पट्टीत!

मघाशी तिचा फोन आला. "मामू, तुमची गाठ तिथं हाय असं समजून जरा खाली मारला."

इतकी वर्षं त्या गाठीपायी मी स्वतःला बोल लावत होतो. तुमच्या हातून राहिलेली चूक कधी कुणाच्या अशी कामी आलीय का? सांगा बरं.