आरोपीची सही

"बाई, तुम्ही आरोपी व्हा. तुम्हाले मेकअपची गरज नाई."

सर बोलले आणि वर्ग हसला.

चंद्रपूरला लॉच्या शेवटच्या वर्षाचं प्रात्यक्षिक चाललं होतं. कोर्ट खोटं, गुण खरे. सर फौजदारीचे नावाजलेले वकील, कोर्टातलं काम शिकवायला आमच्याकडे यायचे. त्यांनी कामं वाटली. एक न्यायाधीश, एक सरकारी वकील, एक बचावाचा. मी उलटतपासणी तयार करून आले होते. प्रश्न क्रमाने मांडलेले, नको ते खोडलेले. मागच्या वेळीही मी तयारी करून आले होते आणि आरोपीच झाले होते.

मी एटापल्लीकडची, माडिया आदिवासी. बरीच वर्षं अंगणवाडी चालवली. चाळिशीला टेकल्यावर लॉला आले. का आले, ते कुणी विचारलं नाही.

काकामुळे आले. त्याच्यावर मारामारीचा खटला होता. साक्षी संपल्या की न्यायाधीश आरोपीला विचारतात, हे लोक असं सांगतात, तुझं काय म्हणणं? काकाला मराठी येत नव्हती. समोर मोठं माणूस बोलत असलं की आपण ऐकतोय हे कळावं म्हणून तो मान हलवायचा. तिथेही हलवली. प्रत्येक प्रश्नाला. कागदावर लिहिलं गेलं, 'खरं आहे'. खाली अंगठा. त्याचा वकील शेजारीच उभा होता. निकालात तो कागद काकावर उलटला.

वर्गात दोन बाकं जोडून पिंजरा केला होता. मी आत उभी राहिले.

सर म्हणाले, "आरोपीनं दरवेळी 'खोटं आहे' म्हणायचं. बस. लवकर आटपा."

न्यायाधीश झालेल्या पोराने वाचलं, "तुम्ही कुऱ्हाडीने मारलं असं साक्षीदार सांगतो. तुमचं काय म्हणणं आहे?"

मी आमच्या माडिया बोलीत बोलले. त्या दिवशी मी बाजारात होते, मीठवाल्याला विचारा, असं बोलले.

"अरे, सबटायटल लावा रे!" मागून कुणीतरी ओरडलं. सरही हसले.

"लिहा. खोटं आहे."

"सर, मी तसं बोलले नाही."

"मग काय बोलल्या?"

"दुभाषी बोलवा. तो सांगेल."

"काऊन? तुम्हाले मराठी येते ना?"

"मले येते. आरोपीले येत नाई."

सरांनी घड्याळ पाहिलं. "बाई, कोर्टात एवढा टाइम नसते. मी किती वर्षांपासून हेच करून राह्यलो. सही करा."

कागद माझ्यापुढे सरकला. सही झाली की प्रात्यक्षिक पूर्ण, मी पास. नाहीतर वर्ष जाणार होतं. नोकरी सोडून आले होते, परत जायला जागा नव्हती.

शेजारची पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, करून टाका ना. नाटकच तर आहे."

काकाच्या वकिलालाही तेच वाटलं असणार. रोजचं नाटक. लवकर आटपा.

"नाई करत," मी म्हणाले. मोठ्याने. आणि बाक सरकवून बाहेर आले.

"वर्ष जाईल."

"जाऊ द्या."

गेलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा बसले. सर तेच होते. सुरुवातीलाच सांगितलं, मी आरोपी होणार नाही, उलटतपासणी करणार. त्यांनी गुण कमी दिले. पास होण्यापुरते मिळाले.

आज माझ्याकडे लॉची मुलं काम शिकायला येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना उभं करते आणि माडियात प्रश्न विचारते. ती गोंधळतात, हसतात, मान हलवतात. मी लिहिते, 'खरं आहे'. कागद पुढे करते. सही करा. जो करतो, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो.

काका शिक्षा भोगून आला. अजून मान हलवतो.

मी कोर्टात उभी राहिले की आधी दुभाषी मागते. पुढची तारीख पडली तरी चालेल, साहेब चिडले तरी चालेल. माझ्या आरोपीला कळलेलं नाही त्या कागदावर त्याचा अंगठा मी उमटू देणार नाही.